टीम बिल्डिंगचा खरंच उपयोग होतो का? ४२ माणसं, साठ हजार रुपये

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. अंधेरी पूर्वेला मालवाहतुकीची मध्यम कंपनी आहे, ॲडमिन आणि एचआर दोन्ही माझ्याकडेच. मी आणि साहेब सोडून ४२ माणसं: सेल्स १२ (त्यातले एक पुण्याला, एक नाशिकला), ऑफिसचं ऑपरेशन्स १०, अकाउंट्स ६ आणि भिवंडीच्या गोदामात १४. साहेबांनी टीम बिल्डिंगसाठी साठ हजार मंजूर केलेत. "लोणावळ्याला एखादं रिसॉर्ट बघा, शनिवारी जाऊन येऊ" असं म्हणालेत.

सेल्स आणि गोदामाचं फोनवर रोज वाजतं. ऑर्डर अर्धवट येते असं गोदाम म्हणतं, गोदाम फोनच उचलत नाही असं सेल्स म्हणतं. माल पोचल्याची सही झालेली पीओडी अकाउंट्सकडे उशिरा येते, म्हणून बिलं अडकतात. हे सगळं रिसॉर्टला जाऊन सुटणार का? नसेल तर याच पैशात काय करावं, आणि फायदा झाला हे साहेबांना दाखवायचं कसं? कृपया "मजा येते, मन मोकळं होतं" याच्या पुढचं सांगा.

गोदीवाला

ताई, आधी हिशेब. साठ हजार भागिले ४२ म्हणजे माणशी १,४२८ रुपये. त्यात बस, दोन वेळचं खाणं आणि रिसॉर्टचा दिवसाचा दर. अंधेरीहून लोणावळा साधारण ८५ किलोमीटर. शनिवारी सकाळी घाटात गाड्या तुंबलेल्या असतात, त्यामुळे जाऊन येऊन पाच-सहा तास बसमध्येच जातात. भिवंडीची १४ माणसं आधी अंधेरीला येणार की वाटेत चढणार, हा आणखी एक घोळ. आणि बसमध्ये सेल्सवाले सेल्सवाल्यांशेजारी बसतात, गोदामवाले मागच्या बाकांवर. पूल, जेवण, अंताक्षरी, परत. सोमवारी फोनवर तेच.

उपयोग होतो का, तर होतो, पण सगळ्या प्रकारांचा सारखा नाही. क्लाइन, सालस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये आधीची संशोधनं एकत्र करून पाहिली, तेव्हा टीम बिल्डिंगचे चार प्रकार वेगळे काढले होते: ध्येय ठरवणं, आपसातले संबंध सुधारणं, कोणाचं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते स्पष्ट करणं, आणि अडचण मिळून सोडवणं. चारही थोडेफार लागू पडतात, पण सर्वांत जास्त परिणाम ध्येय ठरवण्याचा आणि कामाच्या हद्दी स्पष्ट करण्याचा दिसला. रिसॉर्ट यातल्या दुसऱ्या प्रकारात मोडतं. तुमचं दुखणं तिसऱ्या प्रकारातलं आहे. पाय मुरगळलाय आणि तुम्ही डोक्याला बाम चोळताय.

तुमच्यासाठी कार्डांची देवाणघेवाण सर्वांत उपयोगी. पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं घ्या, साठेक पुरतील, आणि जाड मार्कर. चारही विभाग वेगवेगळे बसवा. प्रत्येक विभागाने बाकी तिघांना प्रत्येकी जास्तीत जास्त तीन कार्डं लिहायची, म्हणजे एकूण ३६ च्या वर जात नाहीत. वाक्याचा साचा ठरलेला: "आम्हाला अमुक गोष्ट, अमुक वाजेपर्यंत, अमुक स्वरूपात हवी. नाही मिळाली तर असं होतं." लिहायला २५ मिनिटं. मग कार्डं ज्याची त्याला द्यायची, आणि त्या विभागाने २० मिनिटांत प्रत्येक कार्डावर तीनपैकी एक लिहायचं: हो, नाही, किंवा हो पण या अटीवर. "नाही" लिहिलं तर कारण लिहिलंच पाहिजे. त्यानंतर उभं राहून वाचन, अर्धा-पाऊण तास.

ही कार्डं कशी दिसतात ते बघा. गोदामाचं सेल्सला: "दुपारी ४ पर्यंत ऑर्डर. त्यात उतरवायच्या जागेचा पिनकोड, तिथे माल घेणाऱ्याचा मोबाइल, आणि गल्लीत मोठी गाडी शिरते का. नाहीतर गाडी भरून उभी राहते आणि जड वाहनांच्या बंदीच्या वेळेत अडकते." सेल्सचं गोदामाला: "गाडी सुटल्यावर १५ मिनिटांत गाडी नंबर ग्रुपवर. नाहीतर गिऱ्हाईक आम्हाला फोन करतं, आम्ही तुम्हाला करतो." त्यावर गोदामाचं उत्तर: "हो, पण लोडिंग चालू असताना कोणाच्या हातात फोन नसतो. सुपरवायझर दर तासाला सुटलेल्या गाड्यांचे नंबर एकदम टाकेल."

फोन का उचलत नाहीत याचं खरं कारण असं एका ओळीत बाहेर येतं. सेल्सला ते आजवर कोणी सांगितलेलं नसतं.

हे फसतं ते मुख्यतः शब्दांमुळे. "सहकार्य करा", "वेळेवर द्या", "नीट लिहा" असली कार्डं परत पाठवायची. वेळेवर म्हणजे किती वाजता, नीट म्हणजे कोणते रकाने, ते लिहून घ्यायचं. माणसाचं नाव कार्डावर येऊ द्यायचं नाही, फक्त विभागाचं. आणि साहेबांनी कोणत्याही गटात बसायचं नाही. ते बसले की कार्डं त्यांना आवडतील अशीच येतात.

शेवटी मान्य झालेल्यांपैकी फक्त पाच ओळी निवडून मोठ्या कागदावर उतरवा. एक प्रत अंधेरीला, एक भिवंडीला. दहा ओळी घेतल्यात तर एकही पाळली जाणार नाही.

अवांतर: मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्था १८९० पासून चालू आहे, आणि तिच्यात डोळे बांधून पाठीमागे पडायचे खेळ नाहीत. मुकादमाच्या हाताखाली ठरलेली टोळी, डब्याच्या झाकणावर उतरायचं स्टेशन आणि इमारत सांगणारी खूण, आणि डबा कोणत्या फलाटावर कोणाच्या हातात द्यायचा ते पक्कं. एकमेकांवरचा भरवसा त्यातून तयार होतो.

ठाणे_स्लो

वरच्यांशी सहमत, पण अर्धा दिवस नुसती कार्डं लिहायला लावलीत तर लोक त्याला मीटिंगच म्हणतील. आधी हात चालतील असा एक खेळ घ्या, म्हणजे तोंडं उघडतात. खेळ असा निवडा की त्याचा धागा कामाला जोडता येईल.

स्पॅगेटीचा मनोरा घ्या. कल्पना पीटर स्किलमन यांची, टॉम वुजेक यांनी ती जगभर नेली. प्रत्येक गटाला न शिजवलेल्या स्पॅगेटीच्या २० काड्या, साधारण ९० सेंटिमीटर चिकटपट्टी, तेवढाच दोरा, एक मार्शमेलो (मऊ, फुगीर साखरेची गोळी) आणि १८ मिनिटं. मार्शमेलो टोकावर ठेवून स्वतःच्या पायावर उभा राहणारा सर्वांत उंच मनोरा करायचा. व्यवस्थापनशास्त्राच्या ताज्या पदवीधरांपेक्षा बालवाडीची मुलं यात बरी ठरतात. मोठे सतरा मिनिटं आराखडा, वाद आणि बांधकाम करतात, शेवटच्या मिनिटाला मार्शमेलो ठेवतात आणि सगळं वाकून कोसळतं. मुलं पहिल्यापासून मार्शमेलो टोकावर ठेवून बघत राहतात.

आपल्याकडे करताना काही बदल. मार्शमेलोत बहुतेक वेळा जिलेटिन असतं. ऑफिसात जैन आणि कडक शाकाहारी मंडळी असतात, काहींना हात लावायलाही नको वाटतं. त्याऐवजी बी काढलेला खजूर घ्या. वजन जवळपास तेवढंच, काडी सहज घुसते. पेढा जड पडतो आणि फुटतो. चिकटपट्टी रंगकामवाले वापरतात ती कागदी घ्या. खोके बांधायची तपकिरी टेप काडीला एकदा चिकटली की सुटत नाही, काडीच मोडते. पट्ट्या आधीच कापून टेबलाच्या कडेला लावून ठेवा. टेबलाला मनोरा चिकटवायचा नाही, हे सुरुवातीलाच सांगा. आणि पंखे बंद! छताचा पंखा चालू राहिला तर दहाव्या मिनिटाला निम्मे मनोरे डुलायला लागतात आणि सगळा दोष पंख्यावर जातो. पावसाळ्यात स्पॅगेटीचं पाकीट खेळाच्या वेळीच फोडा.

खेळ १८ मिनिटांचा, पण त्यानंतर २० मिनिटं बोलणं हवंच. प्रश्न तीनच: काय झालं, तसं का झालं, उद्या कामात काय वेगळं करू. "आपल्या कामात खजूर कोणता?" असं विचारा. तुमच्याकडे उत्तर बहुधा हेच येईल की ऑर्डर बरोबर आहे की नाही ते गाडी भरताना कळतं, म्हणजे अठराव्या मिनिटाला. ही २० मिनिटं कापून आणखी एक खेळ घुसडायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा.

गट सहाचेच ठेवा. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमन यांनी लोकांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता, ते १९१३ मध्ये छापून आलं. माणसं वाढतात तसा माणशी जोर कमी होत जातो, आठ जण मिळून ओढताना तो जवळपास निम्म्यावर येतो. काही भाग ताळमेळ नसल्यामुळे, काही "बाकीचे ओढतायत ना" म्हणून. दहाच्या गटात तीन जण मोबाइल बघत बसतात ते यामुळेच.

४२ चे सात गट होतात. "एक-दोन-तीन म्हणा" करून पाडू नका, यादी घरून करून न्या. प्रत्येक गटात गोदामाचे दोन. चार गटांत सेल्सचे दोन, ऑपरेशन्सचा एक, अकाउंट्सचा एक. दोन गटांत सेल्सचा एक, ऑपरेशन्सचे दोन, अकाउंट्सचा एक. उरलेल्या गटात सेल्सचे दोन, ऑपरेशन्सचे दोन. अकाउंट्समध्ये सहाच माणसं असल्याने तो एक गट त्यांच्याविना राहतो, त्याला इलाज नाही.

एक मात्र करू नका: सेल्स विरुद्ध गोदाम बॉक्स क्रिकेट. मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या शिबिरात मुलांचे दोन गट करून सामने लावले, तर शिवीगाळ आणि एकमेकांच्या खोल्यांवर धाडी सुरू झाल्या. नंतर नुसतं एकत्र जेवायला बसवूनही भागलं नाही, तिथेही भांडणं झाली. पाणीपुरवठा बंद पडला तो दोघांनी मिळून शोधून सुरू करायचा, अशी कामं दिल्यावर वैर उतरत गेलं. क्रिकेट घ्यायचंच तर संघ मिसळून घ्या. तरीही एका वेळी बारा-सोळा जण खेळणार आणि बाकीचे कडेला वडापाव खाणार, त्यात बायका जास्त, हे धरून चाला.

साडेनऊची_सही

खेळ होतील हो. त्याआधी तारीख.

अकाउंट्ससाठी दर महिन्याच्या ७ (टीडीएस भरणा), ११ (जीएसटीआर-१) आणि २० (जीएसटीआर-३बी) या तारखा आणि त्यांच्या आधीचे दोन दिवस बाद. सेल्ससाठी महिन्याचा शेवटचा आठवडा बाद. उरतात १ ते ४, ८, १२ ते १७ आणि २१ ते २४. त्यात गणपतीचा आठवडा बघा, रमजान बघा (रोजा असलेल्यांसमोर भेळ-स्पर्धा नको), संकष्टी-एकादशीला उपासाचं काय ते बघा. रविवारी ठेवलंत तर मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक असतो, निम्मी माणसं तासभर उशिरा येतील आणि चिडून येतील.

त्याहून मोठं म्हणजे रविवार लोकांचा आहे. साप्ताहिक सुट्टीला बोलावलंत तर महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यावी लागते. "हे काम नाही, मजा आहे" हा युक्तिवाद हजेरी सक्तीची असेल तर कोणाला पटत नाही. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत ठेवा. घरी लहान मुलं किंवा आजारी माणूस असलेल्यांची कुचंबणा टळते, आणि कंपनी आपला वेळ खर्च करतेय हे लोकांना दिसतं.

बाहेर नेलंत तरी ते कामाचंच ठिकाण धरलं जातं. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नोकरीच्या निमित्ताने जिथे जाल तिथे, कंपनीने दिलेल्या गाडीतसुद्धा, लागू होतो. निघण्याआधी अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं आणि नंबर एकदा ग्रुपवर टाका. दारू ठेवू नका. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ आणि बिअरसाठी २१ आहे, परवान्याची भानगड वेगळी, आणि गोदामातली निम्मी पोरं पंचविशीच्या आतली असतील. शिवाय रात्री गाडीतून कोण कोणाला कुठे सोडणार हा प्रश्न तुमच्या गळ्यात.

तब्येतीची चौकशी ग्रुपवर करू नका. "दमा, चक्कर, गुडघे, गरोदरपण, काही असेल तर मला एकटीला कळवा, कारण सांगायची गरज नाही, फक्त काय जमणार नाही ते सांगा" असा निरोप द्या. पाठीमागे पडायचा खेळ, डोळे बांधून धावणं, एकमेकांना उचलणं, मानवी मनोरे, सगळं बाद. गोविंदा पथकं त्यासाठी महिनोन् महिने सराव करतात. रस्सीखेच घेणार असाल तर दोर हाताला गुंडाळायचा नाही एवढं तरी सांगा, बोटं जातात.

ओळखीच्या खेळात "तुमच्याबद्दल कोणाला माहीत नसलेली गोष्ट सांगा" हे नको. गोदामातला माणूस साहेबांसमोर काय सांगणार? त्याऐवजी "मी कोणत्या स्टेशनवरून येतो आणि माझ्या कामात मला सगळ्यात जास्त फोन कशासाठी येतात" हे विचारा. दोन वाक्यांत होतं, उपयोगी पडतं, कोणी अडचणीत येत नाही.

पावसाळ्यात धबधबा नकोच. रायगड-पुण्याचे जिल्हाधिकारी दर वर्षी बंदीचे आदेश काढतात, तरी लोक जातातच.

पाटीपेन्सिल

बाप रे, किती सविस्तर! सगळ्यांचे आभार. दोन अडचणी आणखी. साहेबांना सुरुवातीला ४५ मिनिटं कंपनीच्या वाटचालीवर बोलायचंय, स्लाइड्स तयार आहेत. आणि पुण्या-नाशिकच्या दोघांना व्हिडिओवर घेतलं तर चालेल का? जागा कोणती घेऊ, अंधेरीत हॉल बघू का?

गोदीवाला

हॉल बघू नका. ऑफिसनेच गोदामात जायचं. तुमच्या बाबतीत हा अर्ध्याहून जास्त कार्यक्रम आहे, आणि भाडंही वाचतं. अंधेरीहून सकाळी ८ ची तीस सीटची बस, ठाण्याला थांबा. मध्य रेल्वेवरची मंडळी थेट तिथे चढतील. कशेळी-काल्हेरला वाहतूक अडते, म्हणून १० च्या आधीची वेळ कोणाला सांगू नका. नाशिकचा माणूस महामार्गाने थेट भिवंडीला येईल, पुण्याचा कल्याणला उतरेल. दोघांनाही बोलवाच. ४० माणसं खोलीत आणि दोन पडद्यावर, यात पडद्यावरच्यांना नुसतं हसणं ऐकू येतं, कशावर हसले ते कळत नाही. व्हिडिओवर करायचं तर सगळ्यांनी आपापल्या स्क्रीनवरून, नाहीतर कोणीच नाही.

तिथे पहिलं काम: एका ऑर्डरच्या मागे चालत जायचं. सात गट, प्रत्येकाला कालच्या एका खऱ्या ऑर्डरची प्रत. ऑर्डर आली तो मोबाइल किंवा मेल, मग ती वहीत किंवा सिस्टिममध्ये कोणी चढवली, माल कुठल्या रॅकवरून निघाला, मोजणी, चलान, ई-वे बिलात (माल वाहून नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) गाडी नंबरचा भाग कोणी आणि कधी भरला, लोडिंग, सुटका. गोदामातले दोघे वाटाडे. प्रत्येक थांब्यावर गटाने एकच गोष्ट लिहायची: इथे माहिती कोणाकडून आली आणि ती पूर्ण होती का. सात गट एकदम सोडू नका, गर्दी होते. दर पाच मिनिटांनी एक, म्हणजे शेवटचा अर्ध्या तासाने निघतो आणि तोवर चहा पितो. एका गटाला साधारण ४० मिनिटं.

बंद बूट सक्तीचे, चपला-सँडल चालणार नाहीत. फोर्कलिफ्टच्या वाटा आधी पिवळ्या पट्टीने आखून घ्या. त्या तासापुरती फोर्कलिफ्ट बंदच ठेवलीत तर उत्तम. लोडिंगचा जोर तुमच्याकडे दुपारनंतर असेल तर सकाळ बरी, सकाळीच असेल तर उलटं करा.

साहेबांची ४५ मिनिटं सुरुवातीला नकोत. "तुम्ही शेवटी बोललात तर लोकांनी लिहिलेल्या कार्डांना थेट उत्तर देता येईल" असं सांगा, बहुतेक साहेब यावर राजी होतात. दहा मिनिटं, स्लाइडशिवाय. पाचपैकी ज्या ओळीला पैसे किंवा माणूस लागतो तिला तिथेच हो किंवा नाही म्हणायचं. गोदामाला एक वेगळा फोन आणि तो सांभाळायला एक माणूस हवा, असं काहीतरी नक्की निघेल. त्याला "बघू" म्हटलं तर सगळा दिवस वाया गेला म्हणून समजा.

कच्चं_बिल

फायदा दाखवायचा कसा, यावर कोणी बोललं नाही म्हणून.

दिवस संपल्यावर "कार्यक्रम कसा वाटला? १ ते ५" असा फॉर्म फिरवू नका. जेवण चांगलं असेल तर ४.६ येतं, त्यातून काहीच कळत नाही. आतापासूनच दोन आकडे मोजायला घ्या. पहिला, माहिती अपुरी म्हणून गोदामाला परत फोन करावा लागलेल्या ऑर्डरी, दर शंभरामागे किती. गोदामात भिंतीवर कागद लावा, प्रत्येक अशा ऑर्डरीला एक उभी रेघ, पाचवी आडवी. दुसरा, माल पोचल्याच्या तारखेपासून पीओडी अकाउंट्सच्या हातात यायला लागलेले दिवस. दोन्ही आधी चार आठवडे मोजा, नंतर आठ. फक्त नंतरचे मोजलेत तर तुलना कशाशी करणार?

सरासरीबरोबर सर्वांत वाईट पाच पीओडीही वेगळ्या बघा. बिलं त्यांच्यामुळेच अडकतात, आणि बहुतेकदा त्या एक-दोन वाहतूकदारांच्याच निघतात. तसं निघालं तर तो दोष टीमचा नाही, कराराचा आहे. कितीही मनोरे बांधलेत तरी सुटणार नाही. तीच गोष्ट कमी पगाराची आणि अपुऱ्या माणसांची. गोदामात दोन जागा रिकाम्या असतील तर आधी त्या भरा.

दुसरं, एक दिवस करून सोडून दिलंत तर महिन्याभरात गाडी मूळपदावर. दर दुसऱ्या शुक्रवारी १५ मिनिटं, प्रत्येक विभागाचा एक माणूस, फोनवरसुद्धा चालेल. भिंतीवरच्या पाच ओळी वाचायच्या, कोणती मोडली आणि का, एवढंच. काम झाल्यावर नीट मांडणी करून असं मागे वळून बघण्यावर टॅननबॉम आणि सेरासोली यांचा २०१३ चा आढावा आहे, त्यात कामगिरी २० ते २५ टक्क्यांनी सुधारल्याचं दिसतं. खर्च शून्य. साहेबांना आकडे आवडत असतील तर हा सांगा.

साठ हजारातून बस, जेवण, चहा-नाश्ता, साहित्य जाऊनही काही उरायला हवेत. ते जेवणाच्या दर्जावर उडवू नका, तीन महिन्यांनी दुसरा अर्धा दिवस करा. त्या वेळी गोदामाने अंधेरीला यायचं आणि सेल्सच्या शेजारी बसून त्यांचे फोन ऐकायचे. आणि केटररच्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट सहसा मिळत नाही, तो खर्चातच धरा. नाहीतर अकाउंट्सशी नवीन भांडण.

पाटीपेन्सिल

ठरलं. १३ तारखेचा गुरुवार, भिवंडी. रेघांचा कागद आजच गोदामात पाठवते. १० ला चहा आणि ऑर्डरीच्या मागे चालणं, ११:२० ला मनोरा, १२ ला कार्डं, दीडला वाचन, सव्वादोनला साहेबांची दहा मिनिटं आणि मग जेवण. बरोबर वाटतंय का?

ठाणे_स्लो

जेवण कार्डांच्या वाचनाआधी घ्या. दीडला उपाशी माणसं "नाही" जास्त म्हणतात, आणि दहाला चहा प्यायलेलं गोदाम सव्वादोनपर्यंत थांबणार नाही. पाऊण वाजता कार्डं लिहून-तपासून होतात, तेव्हा पाने मांडा. जेवताना गट मिसळलेलेच ठेवा. कार्डावरचं निम्मं तिथेच बोलून होतं. दीडला वाचन, सव्वादोनला साहेब, अडीचला बस.

आणि मनोऱ्याला चाळीस मिनिटं लागतातच: १८ खेळ, २० बोलणं, दोन मिनिटं आरडाओरडा.

पाटीपेन्सिल

बदलते. स्पॅगेटी आणि खजूर किती आणू?

ठाणे_स्लो

सात गटांना २० म्हणजे १४० काड्या. ५०० ग्रॅमचं एक पाकीट पुरून उरतं, पण मोडक्या काड्या आदल्या दिवशी वेगळ्या काढून रबर लावून सात जुड्या बांधून ठेवा. पाकीट त्यासाठी फोडावं लागणार, मग जुड्या हवाबंद डब्यात. चिकटपट्टी आणि दोरा प्रत्येकी सात मीटर. खजूर सात लागतात, दहा-बारा ठेवा, एखादा गट खाऊन टाकतोच. सारख्या आकाराचे निवडा, नाहीतर "आमचा मोठा होता" म्हणून शेवटी तंटा, आणि तो बहुधा अकाउंट्सकडून येतो.

पाटीपेन्सिल

वजनकाटा घेऊन येते मग. गोदामात आहेच.